कोपराचे हाड आणि बांबूच्या कामट्या

चिंचेच्या झाडावरून, बैलगाडीवरून, नाही तर घरातल्या बाजेवरून पाच-सात वर्षांचे पोर पडते ते बहुधा हात पुढे टेकून. या वयात कोपराच्या जरा वर दंडाचे हाड पातळ आणि पसरट असते, तेच मोडते. कोपर टम्म सुजते आणि परभणी जिल्ह्यातल्या खेड्यात, मग ते जिंतूरकडचे असो की पालमकडचे, पहिली आठवण होते ती हाडवैद्याची. तो शेजारच्या गल्लीत असतो, तालुक्याचा दवाखाना एसटीच्या वेळेवर. तेव्हा आईबापांना अडाणी म्हणून मोकळे होता येत नाही.

पण कामट्या लावून हात करकचून बांधला, की खरा धोका सुरू होतो. हाताची मुख्य रक्तवाहिनी या हाडाला खेटूनच जाते. सूज आतून वाढते, पट्टी सैल होत नाही आणि कोपराखालच्या स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो. काही तासांत स्नायू मरू लागतात, पुढे आखडतात आणि बोटे आकड्यासारखी वळून राहतात. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी घट्ट पट्टीनंतरचे हे पंगुत्व १८८१ मध्ये वर्णन केले. घट्ट प्लास्टरनेही हेच होते, हेही सांगितले पाहिजे. मुलाची बोटे हळूच सरळ करून पाहावीत. ते किंचाळले, बोटे गार वा बधिर वाटली, तर पट्टी तत्काळ मोकळी करून रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी. नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नये.

हाड फार सरकले असेल, तर भूल देऊन, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत ते बसवतात आणि कातडीतून बारीक तारा घालतात. तीन-चार आठवड्यांत तारा निघतात. नंतर कोपर ताठ वाटते. तेल चोळणे किंवा बादली उचलायला लावणे, हे उपाय मात्र अंगाशी येतात; चोळण्याने स्नायूतच हाड धरू शकते. मूल खेळता खेळता हात सोडवते.

वाकडे जुळलेले कोपर वय वाढेल तसे सरळ होईल, ही आशा बहुधा फोल ठरते. दंडाची वाढ मुख्यतः खांद्याकडून होते, कोपराकडून जेमतेम पाचवा हिस्सा. असा हात कामाला चालतो, फक्त दिसतो वाकडा. खटकलाच तर शस्त्रक्रियेने सरळ करता येतो.

जास्त फसवा असतो तो कोपराच्या बाहेरच्या बाजूचा तुकडा. तो जुळला नाही, तर हात वर्षागणिक बाहेर झुकतो, आतली नस ताणली जाते आणि पस्तिशी-चाळिशीत करंगळी बधिर होऊ लागते. तोवर लहानपणी झाडावरून पडल्याचे घरात कुणालाच आठवत नसते.