मालेगावचा हक्काचा सिनेमा

छत्रपती संभाजीनगरहून निघून कन्नडचा घाट उतरला आणि चाळीसगाव मागे पडले की पुढे मालेगाव येते. मोसम नदीकाठचे हे गाव यंत्रमागांचे. शुक्रवारी माग बंद असतात आणि आठवडाभर पाळ्या करून थकलेला कामगार सिनेमा गाठतो. हौशी सिनेमाची महाराष्ट्रातली सर्वांत जिवंत परंपरा याच सुट्टीच्या गर्दीने पोसली.

तिचे मूळ नासिर शेख यांच्या व्हिडिओ पार्लरमध्ये आहे. चॅप्लिन, बस्टर कीटन यांचे मूकपट ते दाखवत. दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून दृश्यांची काटछाट करता करता ते संकलन शिकले. दृश्य कुठे तोडले की माणसे हसतात, हे त्यांना समोर बसलेल्या प्रेक्षकांनी शिकवले.

2000 साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च सुमारे 50 हजार रुपये, कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा आणि नट गावातलेच. घोडे परवडणारे नव्हते, म्हणून डाकू सायकलींवर आले. लेखक फरोग जाफरी यांच्यासारखे सोबती मिळाले आणि गावात एकामागून एक चित्रपट होऊ लागले.

‘मालेगाव का सुपरमॅन’मध्ये यंत्रमाग कामगार शफीक शेख नायक झाला. त्याला उडवायचे तर हिरव्या कापडापुढे चित्रण करायचे आणि मग संगणकावर हिरवा रंग काढून तिथे आभाळ बसवायचे. हे तंत्र मोठ्या स्टुडिओंचे. मालेगावकरांनी ते आपल्या ऐपतीत बसवले. कॅमेऱ्याची ट्रॉली म्हणून सायकल चालली, क्रेनचे काम बैलगाडीने केले. ही सारी धडपड फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात टिपली. शफीक पुढे कर्करोगाने गेला. 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला आणि ही गोष्ट देशभर पोहोचली.

याच नाशिक जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरला, दादासाहेब फाळके जन्मले. भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली होती. हाताशी आहे त्यातून सुरुवात करणे ही या मातीतली जुनी रीत आहे.

मालेगावचे खरे बळ मात्र जुगाडात नव्हते. सिनेमा करणारा आणि पाहणारा एकाच गल्लीत राहत होते, आणि तो दाखवायला हक्काची जागा होती. आज आपल्या मराठवाड्यातल्या मुलांच्या खिशात मालेगावच्या त्या लग्नाच्या कॅमेऱ्याहून कितीतरी सरस मोबाइल आहे. अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवामुळे जगाचा सिनेमाही संभाजीनगरात येतो. उणीव आहे ती गावच्या फिल्मला गावच्या प्रेक्षकाची. महाविद्यालयांनी, वाचनालयांनी, गणेश मंडळांनी महिन्यातली एक संध्याकाळ आणि फिल्म दाखवायला एक भिंत या मुलांना द्यावी, आणि आपण तिथे जाऊन बसावे. सिनेमा करायला ती आपोआप शिकतील.