फोटो काढायचा आहे, ओढणी कोणती घ्यावी?

गेल्या वर्षी आमच्या पुतणीच्या रिश्त्यासाठी फोटो काढायचा होता. बायोडेटा तयार होता, फक्त फोटो राहिला होता. घरात सल्ल्यांची कमी नव्हती. तिच्या खाला म्हणाल्या, "हल्का गुलाबी पहनाओ, लडकी साफ दिखती." 'साफ' म्हणजे काय, ते घरात सगळ्यांना कळले. जिच्याविषयी बोलणे चालले होते तिलाही कळले. तिचा रंग सावळा आहे. तिला स्वतःला जांभळा सूट घालायचा होता. आम्हीही त्या वेळी खालांच्याच बाजूने बोललो, हे आधीच कबूल करतो.

फिकट गुलाबी सूट घालून फोटो निघाला आणि चेहरा उलट जास्तच काळपट, थकलेला दिसू लागला. मग स्टुडिओवाल्याने कुणाला न विचारता संगणकावर चेहरा उजळ करून दिला. हात सावळे राहिले, चेहरा पांढरा झाला. तोच फोटो आम्ही पाठवला. पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी आधी फोटोकडे पाहिले, मग मुलीकडे, आणि सहज विचारले, "फोटो बडी बहन का था क्या?" पुतणीने चहाचा ट्रे ठेवला आणि ती आत निघून गेली. त्यानंतर कित्येक महिने तिने कोणाला आपला फोटो काढू दिला नाही. ईदच्या दिवशी घरच्या सगळ्यांचा फोटो निघाला, त्यातही ती नाही.

आम्ही शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. रंगांचे शास्त्र हा आमचा विषय नव्हे. पण चूक नेमकी कुठे झाली, हे समजून घ्यावेसे वाटले. जे कळले ते वाचक भगिनींच्या आणि बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून इथे मांडत आहोत.

शेजारच्या रंगाचा परिणाम

पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा गालिचे आणि भिंतीवरचे पडदे विणण्याचा जुना कारखाना आहे. तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख मिशेल शेव्ह्रल हे रसायनशास्त्रज्ञ होते. निळ्या-जांभळ्या विणकामात आपला काळा धागा फिका दिसतो, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला, तर रंगात काहीच खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे काळा रंग डोळ्यांना वेगळा दिसत होता. यावर त्यांनी 1839 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे सार असे, की कोणताही रंग एकटा दिसत नाही. गडद रंगाशेजारी ठेवलेली वस्तू उजळ भासते आणि फिकट रंगाशेजारी ठेवलेली तीच वस्तू गडद भासते.

आमच्या पुतणीच्या फोटोत हेच झाले होते. अगदी फिक्या गुलाबी रंगाशेजारी सावळा चेहरा जास्त गडद दिसला. तिने मागितलेला जांभळा, किंवा मरून, बाटलीहिरवा, गडद निळा यांपैकी कोणताही रंग तिच्या चेहऱ्याशेजारी शोभला असता. मुलगी आपल्या जागी बरोबर होती, आम्ही चुकलो.

कॅमेरा काय करतो

डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याची गोष्ट थोडी निराळी आहे. समोर किती उजेड आहे याचा तो अंदाज घेतो आणि सगळे चित्र मध्यम उजेडाचे करू पाहतो. समोर पांढरेशुभ्र कपडे फार असतील तर तो उजेड कमी करतो, त्यात चेहरा काळवंडतो. काळा बुरखा आणि काळी ओढणी असेल तर तो उजेड वाढवतो, त्यात चेहऱ्यावरचे बारकावे पुसले जातात. मोबाईलने फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट ठेवावे. मग उजेड चेहऱ्याच्या मानाने घेतला जातो. तरीही कमी-जास्त वाटला तर तिथेच बोट वर-खाली सरकवून तो जुळवता येतो.

आणखी एक गोष्ट म्हणजे कापडाचा रंग चेहऱ्यावर उतरतो. हनुवटीखाली पोपटी ओढणी असेल तर गळ्याला आणि जबड्याला हिरवट छटा येते, माणूस आजारी वाटतो. झगमगीत नारंगी किंवा भडक गुलाबीचेही तसेच. मलई रंगाची सुती ओढणी मात्र खालून मऊ उजेड वर टाकते आणि डोळ्यांखालची सावली हलकी करते. म्हणून पांढरेच हवे असेल तर शुभ्र पांढऱ्याऐवजी मलई रंग घ्यावा.

फिल्मच सदोष होती

रंगीत फोटोंच्या सुरुवातीच्या काळात कोडॅक कंपनी स्टुडिओंना एक नमुन्याचे कार्ड पाठवत असे. त्यावर गोऱ्या तरुणीचा फोटो असे. तिच्या कातडीचा रंग बरोबर आला, की यंत्र बरोबर लागले असे समजायचे. ही कार्डे 'शर्ली कार्ड' म्हणून ओळखली जातात. सावळ्या आणि काळ्या माणसांचे चेहरे त्यात धड उमटत नसत. आईबापांनी शाळेच्या फोटोंविषयी तक्रारी केल्या. पण तपकिरी रंगाच्या छटा नीट याव्यात म्हणून कंपनीवर दबाव आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांचा. त्यांच्या मालाचे फोटो खराब येत होते. आपल्याकडच्या कितीतरी आयाबहिणी 'माझा फोटो चांगला येत नाही' असे म्हणत आयुष्यभर कॅमेऱ्यापासून दूर राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यात काही उणे नव्हते.

फोटो काढून घेणाऱ्या बाईला कसे वाटते, याचा विचार आपल्याच मुलखात फार पूर्वी झाला आहे. नरसीसह हा सारा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत खास पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला. तिथे फोटो काढण्याचे काम एका इंग्रज बाईंकडे होते. समोर परका पुरुष नाही, कुणाची घाई नाही. अशा वेळी चेहरा मोकळा होतो. तो मोकळेपणा आपण घरी, आपल्या माणसांत, अगदी सहज देऊ शकतो.

घरच्या घरी परीक्षा

आमचे नरसी हे संत नामदेवांचे गाव, आणि त्यांचे घराणे शिंप्याचे. चांगला शिंपी कापड आधी अंगावर टाकून पाहतो, मगच कात्री लावतो. रंग निवडतानाही असेच करावे.

घरात आहेत त्या चार-पाच ओढण्या घ्या. सकाळी दारात किंवा खिडकीजवळ उभे राहा. ऊन अंगावर नको, पण उजेड समोरून हवा. ट्यूबलाईटखाली रंग बदलतात, तिथे निवड करू नका. एकेक ओढणी हनुवटीखाली धरा आणि समोरच्याला एकच प्रश्न विचारा: आधी चेहरा दिसला की ओढणी? ज्या रंगात आधी चेहरा दिसेल तो तुमचा रंग. खात्री करायची असेल तर मोबाईलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून पाहा. चेहरा आणि कापड एकमेकांत मिसळून गेले तर ती ओढणी बाजूला ठेवा.

सॅटिन आणि टिकल्यांचे काम फोटोत चमकते आणि नजर तिकडे जाते. अगदी बारीक चौकडी किंवा रेघा फोटोत लाटांसारख्या हलल्यागत दिसतात. साधे, न चमकणारे कापड उत्तम. मुलांच्या कुर्त्या-शेरवानीलाही हेच लागू आहे. सगळ्या कुटुंबाचा फोटो असेल तर सर्वांना एकच रंग नको. एकमेकांशी जुळणारे दोन-तीन रंग ठरवावेत आणि भडक रंग एकट्यादुकट्याने घालू नये, नाहीतर सगळ्यांच्या आधी तोच दिसतो.

पासपोर्टच्या आणि हजच्या अर्जावरील फोटोला मागे पांढरा रंग लागतो. तिथे पांढरे कपडे घातले तर खांदे भिंतीत विरून जातात, म्हणून गडद घाला. पासपोर्टसाठी धार्मिक कारणाने डोके झाकलेले चालते. मात्र हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा आणि त्याच्या दोन्ही कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत.

आणि मोबाईलमधला 'ब्युटी मोड' आधी बंद करा. तो न सांगता कातडी उजळ करतो.

या वर्षी पुतणीला एका अर्जासाठी फोटो हवाच होता. तिच्या अम्मीने पाच ओढण्या काढल्या, आम्ही दार उघडले आणि तिला निवडू दिले. तिने जांभळी घेतली. खाला शेजारी बसल्या होत्या. बराच वेळ पाहून म्हणाल्या, "इसमें तो आँखें दिखती." त्या फोटोला कुणी हात लावलेला नाही. आता बायोडेटावरही तोच आहे. रिश्ता अजून ठरलेला नाही. पण जे कोणी येतील ते तिलाच पाहायला येतील. ईदच्या फोटोत या वेळी ती मधोमध उभी आहे.