विभाजनाची मुदत

मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशींचे विभाजन कोणाच्या हुकमाने चालते, या प्रश्नाचा मार्मिक उलगडा लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मार्टिन रॅफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी, उंदराच्या दृक्‌चेतेतील पूर्वज पेशी काचपात्रात वाढवून केला. एकाकी ठेवलेल्या या पेशी विभाजन सोडून अकालीच ऑलिगोडेंड्रोसाइट, म्हणजे चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टण चढविणाऱ्या पेशी, बनत; परंतु शेजारी अ‍ॅस्ट्रोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या ग्लायल पेशी असल्यास त्यांच्यातून स्रवणाऱ्या पीडीजीएफ या वृद्धिघटकामुळे, असे १९८८ मध्ये दिसून आले, त्या फार तर आठ वेळा विभागत आणि नंतर, नवल असे की, वृद्धिघटक मुबलक असूनही, मुदत भरलेल्या कुळासारख्या थांबत. पीडीजीएफच्या जोडीला एफजीएफ हा दुसरा घटक दिल्यास मात्र ही मुदत रद्दबातल होऊन पेशींची पक्वता लांबणीवर पडते व विभाजन चालूच राहते, हे १९९० मध्ये आढळले.