मोबाइलच्या पिढ्या : पट्टा रुंद, पल्ला आखूड

मोबाइलच्या पडद्यावर कधी ‘५जी’, तर कधी ‘४जी’ ही अक्षरे दिसतात. कोल्हापुरातून गगनबावड्याच्या डोंगराळ भागाकडे निघालात, तर ती वाटेत बदलूही शकतात. असे का होते बरे?

‘जी’ म्हणजे जनरेशन, पिढी. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता व दिल्ली यांच्यामध्ये भारतातील पहिले मोबाइल संभाषण झाले, ते २जी तंत्राने. त्यात रेडिओलहरींचा २०० किलोहर्ट्झ रुंदीचा एक पट्टा आठ जण पाळीपाळीने वापरतात. प्रत्येकाची पाळी सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते, म्हणून आवाज तुटक वाटत नाही.

पुढे बोलण्याबरोबर चित्रे आणि चित्रफितीही पाठवायच्या झाल्या. अधिक माहितीला अधिक रुंद पट्टा हवा, जसा अधिक वाहनांना रुंद रस्ता हवा. ३जीचा पट्टा ५ मेगाहर्ट्झचा, ४जीचा २० पर्यंत, तर १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात सुरू झालेल्या ५जीचा १०० मेगाहर्ट्झचाही असू शकतो. म्हणजे २जीच्या पाचशे पट!

एवढी मोकळी जागा कमी वारंवारतेत मिळत नाही. म्हणून ५जीसाठी ३,३०० मेगाहर्ट्झच्या वर जावे लागले. आता प्रकाशाच्या वेगाला वारंवारतेने भागा. २जीच्या ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी येते ३३ सेंटिमीटर. ३,३०० ची अवघी ९. आखूड लहरी अडथळ्यांना वळसा कमी घालतात आणि भिंतींत अधिक शोषल्या जातात. त्यामुळे मनोरे जवळजवळ उभारावे लागतात. शहरात हे जमते, डोंगरात अवघड जाते.

मात्र पल्ला आखूड होतो तो तरंगलांबीमुळे, ‘५जी’ या नावामुळे नव्हे. ७०० मेगाहर्ट्झवरचे ५जी दूरवर पोचते. पण तेथे पट्टा अरुंद असतो.

२०१९ व २०२१ साली पंचगंगेला महापूर आला. अशा वेळी ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढ्या निरोपाला रुंद पट्टा लागत नाही. तो पोचणे महत्त्वाचे. बटणांचे कित्येक जुने फोन फक्त २जीच जाणतात. म्हणून जुनी पिढी बंद करण्यापूर्वी अशा फोनधारकांचा विचार व्हायला हवा. अर्थात मनोऱ्याची वीज गेली आणि बॅटरीही संपली, तर कोणतीच पिढी कामाची नाही!

जाता जाता एक गणित : भारतात ५जीसाठी २६,००० मेगाहर्ट्झचा पट्टाही दिलेला आहे. त्याची तरंगलांबी काढा आणि सांगा, या लहरी तुमच्या वर्गाची भिंत सहज ओलांडतील का?