विश्लेषण : गाडीच्या तळाला कोणती प्लॅस्टिक शीट योग्य?

पावसाळ्यात धानाच्या बांधीतून रस्त्यावर येणारा चिखल, उन्हाळ्यात उखडलेल्या रस्त्यांवरची गिट्टी आणि कापणीनंतर सांडलेली तणस. गोंदिया जिल्ह्यात मोटारीच्या तळाला हे सारे सोसावे लागते. इंजिनाखालचे आच्छादन फुटले, की मूळ भागाऐवजी बाजारातील प्लॅस्टिक शीट कापून बसवण्याचा स्वस्त पर्याय पुढे येतो. मात्र ‘जितकी जाड तितकी चांगली’ हा हिशेब येथे फसतो.

आच्छादनाचे काम काय?

चिखल, पाणी आणि खड्यांपासून इंजिनाचा खालचा भाग वाचवणे. शिवाय तळ सपाट राहिल्याने हवेचा अडथळा कमी होतो. अनेक गाड्यांत मूळ आच्छादन पॉलिप्रॉपिलीनचे असते. काहींत मजबुतीसाठी काचतंतू मिसळतात.

कोणती शीट कशी?

पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असते, तेल-ग्रीसला सहसा दाद देत नाही आणि १६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. एचडीपीई दगडाचा मार अधिक चांगला सोसते. पण १३० अंशांच्या सुमारास वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. एबीएस कडक असते, पण पेट्रोलच्या संपर्काने खराब होते. ॲक्रिलिक दगड लागताच तडकते. फलकांसाठीचा सनबोर्ड ८० अंशांच्या आसपासच मऊ पडतो.

खरा धोका कुठे?

सायलेन्सरची नळी आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काहीशे अंशांपर्यंत तापतात. एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाल्यावर डिझेल मोटारींत काजळी अडवणारा फिल्टर आला. काजळी जाळताना त्याच्या आतील तापमान ६०० अंशांच्या घरात जाते. या भागांजवळ यांपैकी कोणतीही शीट चालत नाही. तेथे धातूचे उष्णतारोधक कवचच हवे. तेथे अडकलेली कोरडी तणसही पेट घेऊ शकते.

बसवताना काय पाहावे?

पाणी निघून जाण्यासाठी छिद्रे आणि ऑइल बदलण्यासाठी उघडता येणारी खिडकी ठेवावी. एक मीटर लांबीची पॉलिप्रॉपिलीन शीट तापमान ४० अंशांनी वाढल्यास सुमारे ४ ते ६ मिलिमीटर वाढते. त्यामुळे भोके स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवून रुंद वॉशर लावावेत. अन्यथा शीट फुगते किंवा भोकापाशी चिरते. मूळ हवेचे मार्ग बुजवू नयेत. धानकापणीच्या दिवसांत तळाला अडकलेली तणस इंजिन थंड झाल्यावर नियमित काढावी.