बरे वाटणे आणि बरे होणे

वसई तालुक्यात, नायगाव स्टेशनच्या पूर्वेला जूचंद्र हे गाव आहे. डोंगरावरची चंडिकादेवी आणि आसपासची मिठागरे यांपेक्षाही हे गाव ओळखले जाते ते रांगोळीसाठी. येथल्या कलाकारांनी नुसत्या चिमटीने काढलेली माणसांची चित्रे पाहिली, की ती रांगोळी आहे यावर चटकन विश्वास बसत नाही. समजा, ह्या गावच्या शाळेत पाचवीत एक मुलगी आहे. तिला दोन-तीन आठवडे ताप येतो आहे. चेहरा फिकट पडला आहे, पाय दुखतात, आपटल्याचे आठवत नसताना अंगावर काळेनिळे डाग दिसतात. गावचे डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि अहवाल पाहून तिला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात पाठवतात. नायगावहून दादर, म्हणजे लोकलने सुमारे चाळीस किलोमीटर. तेथे निदान होते : तीव्र लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग.

ही मुलगी आम्ही कल्पिलेली आहे. पण तिच्या बाबतीत पुढे जे सांगणार आहोत ते अशा शेकडो मुलांच्या बाबतीत खरोखर घडत असते, म्हणून तिला सोबत घेऊनच जाऊ.

महिना-दीड महिन्याने तिचा ताप गेलेला असतो, डाग गेलेले असतात. अस्थिमज्जेच्या तपासणीत कर्कपेशी 'दिसत नाहीत' असा अहवाल येतो. घरी पेढे वाटले जातात. आणि त्याच वेळी डॉक्टर सांगतात, की उपचार अजून दोन ते अडीच वर्षे चालतील! आईवडिलांना हे कोडेच वाटते. रोग दिसत नाही, मुलगी हसते-खेळते आहे, मग इतकी कडक औषधे कशासाठी? हा प्रश्न शिक्षकांनाही पडतो, कारण काही महिन्यांनी हीच मुलगी औषधे चालू असतानाच वर्गात परत येणार असते.

उत्तर थोड्या हिशेबात आहे. निदानाच्या वेळी अशा मुलाच्या शरीरात सुमारे एक लाख कोटी (१०चा १२वा घात) कर्कपेशी असतात. त्या सगळ्या एकत्र केल्या तर वजन साधारण एक किलो भरेल. आता पहिल्या महिन्यातल्या औषधांनी शंभरातल्या नव्याण्णव पेशी मारल्या असे धरा. फार मोठे यश! पण उरल्या किती? एक हजार कोटी. दहा हजारांतली एकच उरली असे धरले, तरी दहा कोटी. म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग, रांगोळीच्या एका चिमटीत मावेल एवढा.

मग त्या दिसत का नाहीत? सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा तज्ज्ञ काहीशे पेशी मोजतो. त्यांत कर्कपेशींसारख्या दिसणाऱ्या कोवळ्या पेशी शंभरात पाचाहून कमी असल्या, की रोग ओसरला असे म्हणतात. हे वर्गात करून पाहता येते. किलोभर बारीक तांदूळ घ्या. एका दाण्याचे वजन सुमारे वीस मिलिग्रॅम धरले तर त्यात पन्नास हजार दाणे झाले. त्यांतले पाच दाणे रांगोळीच्या लाल रंगाच्या पाण्यात भिजवून, वाळवून परत नीट मिसळा. दहा हजारांत एक. आता एकेका विद्यार्थ्याला डोळे मिटून दोनशे दाणे काढायला सांगा. लाल दाणा सापडण्याची शक्यता पन्नासात एक, म्हणजे वर्गातल्या बहुतेकांचा अहवाल 'लाल दाणे नाहीत' असाच येईल, आणि तो प्रामाणिकही असेल. आम्ही हे केले तेव्हा पस्तीस जणांत एकालाही लाल दाणा मिळाला नाही. पोत्यात हात घालून पाहणाऱ्याचा हा दोष नव्हे. अलीकडे पेशींवरच्या विशिष्ट खुणा ओळखणाऱ्या यंत्रांनी दहा हजारांतली एक पेशीही शोधता येते, आणि कोणाला किती तीव्र उपचार द्यायचे हे त्यावरून ठरते. तरीही यंत्राला न दिसणे म्हणजे शून्य नव्हे.

उरलेल्या पेशी गप्प बसत नाहीत. त्या दर दहा दिवसांनी दुप्पट होतात असे समजा. एक हजार कोटींच्या पुन्हा एक लाख कोटी व्हायला सात दुपटीही लागत नाहीत. काम सव्वादोन महिन्यांत!

असे प्रत्यक्ष घडलेलेही आहे. १९४७-४८ साली बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले. ते ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. सोळा मुलांपैकी दहा मुलांमध्ये रोग ओसरला. अंथरुणाला खिळलेली मुले उठून चालू लागली. वैद्यकाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडत होते. पण काही महिन्यांत रोग परतला आणि मुले गेली. त्या मुलांना बरे वाटले होते, ती बरी झाली नव्हती. पुढे एकाऐवजी अनेक औषधे एकत्र देणे, औषध सहसा पोहोचत नाही त्या मेंदूभोवतीच्या द्रवात पाठीच्या कण्यातून सुई टोचून ते देणे, आणि रोग दिसेनासा झाल्यावरही दीर्घकाळ गोळ्या चालू ठेवणे, ह्या तीन गोष्टी जुळून आल्या तेव्हा १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मेंफिस येथे निम्मी मुले कायमची बरी होऊ लागली. आज श्रीमंत देशांत हे प्रमाण दहांत नऊच्या आसपास आहे.

आपल्याकडे टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास भारतीय परिस्थितीला झेपेल अशी एक ठरावीक उपचारपद्धती सुरू केली. त्यापूर्वी फारच थोडी मुले वाचत. ह्या पद्धतीने ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले आणि पुढे आणखी वाढले. (डॉ. अडवाणींना स्वतःला लहानपणी पोलिओ झाला होता आणि त्यांनी सारे काम चाकाच्या खुर्चीतून केले. रुग्ण असणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.)

आता आपल्या मुलीकडे येऊ. तिची सुईची आणि सलाइनची तीव्र औषधे संपून गोळ्यांचा टप्पा सुरू झाला आहे : मर्कॅप्टोप्युरीनची रोज आणि मेथोट्रेक्सेटची आठवड्यातून एकदा. ही औषधे मुख्यतः विभागण्याच्या तयारीत असलेल्या पेशींनाच मारतात. जी पेशी आज स्वस्थ आहे ती आज सुटते. पुढच्या महिन्यात ती विभागू लागेल तेव्हा औषध रक्तात हजर असायला हवे. म्हणून ही दोन वर्षांची राखण. अमेरिकेतल्या एका पाहणीत शंभरातल्या पाचाहून अधिक गोळ्या चुकवणाऱ्या मुलांमध्ये रोग परतण्याचा धोका सुमारे अडीच पट आढळला. परीक्षा, सहल, लग्नघर, जत्रा ही गोळी चुकण्याची नेहमीची ठिकाणे. त्यांतली पहिली दोन आपल्या हातात आहेत!

ती वर्गात येते तेव्हा केस नुकते उगवत असतात. स्टेरॉइडमुळे गाल फुगलेले, भूक अनावर, मधूनच चिडचिड. मुले विचारतात, "बाई, हा रोग लागतो का?" नाही, लागत नाही. तिच्या डब्यातले खाल्ल्याने, शेजारी बसल्याने, हात धरल्याने लागत नाही. हे पहिल्याच दिवशी, तिला आणि तिच्या घरच्यांना विचारून, वर्गात स्पष्ट सांगितलेले बरे.

एक गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. विन्क्रिस्टीन हे औषध नसांवर परिणाम करते. बोटांची टोके बधिर होतात, पकड ढिली पडते, चालताना पाऊल नीट उचलले जात नाही. पेन्सिल निसटते, अक्षर बिघडते, बुटाची नाडी बांधायला वेळ लागतो. जूचंद्रच्या मुलीला हे सर्वांत आधी रांगोळीत जाणवेल. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून सारखी सुटणारी बारीक रेघ आता कुठे जाड पडते, कुठे तुटते. शिक्षकाला हा आळस वाटतो, मुलीला आपण 'ढ' झालो असे वाटते. खरे तर औषध थांबल्यावर ही शक्ती बहुधा हळूहळू परत येते. तोवर तिला लिहायला जास्त वेळ द्यावा, तोंडी उत्तरे घ्यावीत. मेंदूभोवती दिलेल्या औषधांमुळे, आणि विशेषतः डोक्याला किरणोपचार दिले असतील तर, लक्ष टिकणे आणि गणित मनातल्या मनात करणे पुढेही जड जाऊ शकते. फळ्यावरचे उतरवून घेण्याचा तिचा वेग पाहावा. गृहपाठाच्या वहीपेक्षा तो अधिक सांगतो.

दोन बाबतींत मात्र ढिलाई चालत नाही. गोळ्यांच्या काळात पांढऱ्या पेशी मुद्दाम कमी राखलेल्या असतात, म्हणून साधा कांजिण्यांचा किंवा गोवराचा संसर्गही तिला जिवावर बेतू शकतो. वर्गात कोणाला कांजिण्या आल्या तर तिच्या घरी त्याच दिवशी कळवायचे. वेळेत पोहोचली तर रुग्णालयात प्रतिबंधक उपाय करता येतात. आणि शाळेत तिला ताप आला (१००.४ अंश फॅरेनहाइट किंवा अधिक) तर गोळी देऊन मधल्या सुट्टीपर्यंत वाट पाहायची नाही. लगेच पालकांना बोलवायचे. तिच्या बाबतीत ताप हे तातडीचेच लक्षण आहे.

उपचार सफल न होण्याचे आपल्याकडचे एक मोठे कारण औषधात नव्हतेच. ते होते उपचार अर्ध्यावर सोडणे. भाडे, राहण्याची सोय, बुडणारी मजुरी, घरी ठेवलेली बाकीची मुले, आणि 'आता बरी दिसते' हा समज. २००९च्या सुमारास टाटा रुग्णालयात येणाऱ्या चार-पाच मुलांपैकी एक तरी उपचार सोडून जात असे. २०१०पासून मुलांच्या उपचारांसाठी स्वतंत्र साहाय्य उभे राहिले : औषधांचा खर्च, आहार, समुपदेशन, चुकलेल्या तारखेनंतर फोन. काही वर्षांत हे प्रमाण शंभरात पाचाच्या आसपास आले. औषधे फारशी बदलली नव्हती, तरी जी मुले एरवी गेली असती ती उपचारात टिकली. जूचंद्रच्या कुटुंबाला निदान घरी परतता येते. विदर्भातून वा बिहारमधून आलेल्यांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागांचा आधार लागतो.

शेवटची गोळी घेईपर्यंत आपली मुलगी सातवी-आठवीत गेलेली असेल. त्यानंतरही काही वर्षे तपासण्या चालू राहतात. टाटा रुग्णालयात उपचार पूर्ण केलेल्या मुलांसाठी वेगळा बाह्यरुग्ण विभाग १९९१मध्ये सुरू झाला. आता तेथे येणाऱ्यांत नोकरी करणारे, संसारात पडलेले, मुलाबाळांचे लोकही आहेत. २००९मध्ये अशा तरुणांनी 'उगम' नावाचा गटही बांधला. वर्षानुवर्षे त्यांना सतावणाऱ्या गोष्टींत रोगापेक्षा त्याचे लपवणे जास्त असते : नोकरीच्या अर्जात लिहावे का, लग्न ठरताना सांगावे का. विभागात त्यांचे हृदय तपासतात (काही औषधे हृदयाच्या स्नायूवर वर्षांनंतर परिणाम दाखवतात), उंची आणि ग्रंथींचे कार्य पाहतात. पण त्यासाठी लहानपणी कोणती औषधे, किती मात्रेत दिली होती हे माहीत असावे लागते. दहा वर्षांची असताना काय झाले ते मुलीला आठवत नाही आणि आईवडिलांना औषधांची नावे आठवत नाहीत. म्हणून उपचार संपताना मिळणारा सारांशाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दहावीच्या गुणपत्रिकेशेजारी ठेवायचा असतो.