पॅरिश काउन्सिल, डोअरबेल कॅमेरा आणि ‘संशयित’ मी

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा जे इयरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हा या आठवड्याच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जिथं फार भरकटलो तिथं कात्री लावली आहे, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात एका फोटोपासून करतो. फोटोत एक माणूस आहे. काळं जॅकेट, डोक्यावर हूड, हातात मोबाईलचा टॉर्च, आणि तो एका घराच्या फाटकावर उजेड पाडून काहीतरी बघतोय. फोटो डोअरबेल कॅमेऱ्यातला, म्हणजे सगळं वाकडंतिकडं आणि हिरवट. खाली लिहिलंय: संशयास्पद इसम, घरोघरी टॉर्च मारत फिरतोय, सावध राहा.

तो इसम म्हणजे मी.

मी इंग्लंडमध्ये मिडलँड्स भागात नोकरी करतो. ऑफिस शहरात, राहायला मात्र बाहेरच्या एका खेड्यात, कारण भाडं परवडतं. नोव्हेंबरमध्ये इथं साडेचारलाच अंधार पडतो. शेजाऱ्यांचं पार्सल कुरियरवाला चुकून आमच्याकडे टाकून गेला होता, ते द्यायला मी निघालो. आता गंमत अशी, की या गावातल्या निम्म्या घरांना नंबरच नाहीत, नावं आहेत. आणि ती नावं फाटकावर एवढ्याशा अक्षरांत. मग काय, टॉर्च मारून वाचत गेलो. तिसरं घर बरोबर निघालं, पार्सल ठेवलं, घरी येऊन चहा केला. विषय संपला, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाईंनी त्यांचा फोन पुढे केला. “हा तूच ना?” गावाच्या फेसबुक ग्रुपवर त्या फोटोखाली साठेक कॉमेंट होत्या. गावात तेव्हा शेड फोडण्याचे प्रकार झाले होते, त्यामुळे भीती अगदीच हवेतली नव्हती. पण ‘हाच तो चोर’ इथपर्यंत लोक वीस कॉमेंटमध्ये पोचले होते. आणि एकानं लिहिलं होतं, पुढच्या वेळी दिसला तर आम्हीच विचारतो त्याला.

हे वाचून माझ्या पोटात गोळा आला. कारण मला राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज व्हॉट्सॲपवर कित्येक दिवस फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागत तिथं आले होते. जमावानं त्या पाचही जणांना ठार मारलं. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून मारलं. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि आम्ही हॉस्टेलवर चर्चा करत होतो ती फॉरवर्डची मर्यादा किती असावी याची. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं. आम्हाला वाटलं, चला, बग सापडला, फिक्स झाला.

माझी आणि त्या पाच जणांची तुलना होऊच शकत नाही, मला कुणी बोटही लावलं नाही. पण मेसेजची रचना तीच होती: अनोळखी चेहरा, एक विशेषण, आणि पडताळणी शून्य.

घरमालकीणबाई म्हणाल्या, “गुरुवारी पॅरिश काउन्सिलची मीटिंग आहे. तिथं येऊन बोल.”

पॅरिश काउन्सिल म्हटल्यावर मला दोनच गोष्टी आठवल्या. एक, माझा वसईचा मित्र. त्याच्या तोंडी पॅरिश म्हणजे चर्च आणि पॅरिश काउन्सिल म्हणजे फादरना मदत करणारी समिती. आणि दुसरी, जॅकी वीव्हर! २०२१च्या फेब्रुवारीत तो झूम मीटिंगचा व्हिडिओ तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. चेशरमधल्या हँडफर्थ पॅरिश काउन्सिलची सभा, एकमेकांवर ओरडणारे सभासद, ‘तुला इथं काही अधिकार नाही’ म्हणणारे अध्यक्ष, आणि शांतपणे त्यांना मीटिंगमधून काढून टाकणाऱ्या बाई. लॉकडाउनमध्ये सगळं जग त्यावर हसलं. मीही हसलो होतो. ही संस्था नेमकी करते काय, हे तेव्हा शोधावंसं वाटलं नाही.

तर आता शोधलेलं सांगतो.

नाव चर्चवरून आलं, पण आज चर्चचा संबंध नाही. १८९४च्या कायद्यानं गावचा कारभार चर्चच्या व्यवस्थेपासून वेगळा काढून निवडून आलेल्या मंडळाकडे दिला. इंग्लंडमधल्या स्थानिक कारभाराची ही सगळ्यात खालची पायरी. देशभरात अशा सुमारे दहा हजार काउन्सिल आहेत. लंडन, मँचेस्टरसारख्या मोठ्या शहरांत मात्र बहुतेक ठिकाणी सापडणार नाहीत, म्हणून तिथल्या आपल्या मंडळींना याची कल्पनाच नसते.

आपल्या भाषेत बसवायचं तर क्लार्क म्हणजे साधारण ग्रामसेवक. पगारी माणूस, अजेंडा काढतो, हिशेब ठेवतो, इतिवृत्त लिहितो. सभासद निवडून आलेले, किमान पाच, आणि बहुतेक ठिकाणी बिनपगारी. पैसा येतो ‘प्रिसेप्ट’मधून. म्हणजे घरपट्टीसारखा जो काउन्सिल टॅक्स आहे, त्याच्या बिलात पॅरिशची एक वेगळी ओळ असते. तुम्ही इथं राहत असाल तर बिल काढून बघा, काही पौंड तुम्ही देताय.

अधिकार? इथं माझा अपेक्षाभंग झाला. पोलीस त्यांच्या हातात नाहीत. रस्ता त्यांचा नाही, तो काउंटीचा किंवा त्या भागातल्या मोठ्या काउन्सिलचा. वेगमर्यादा ते ठरवत नाहीत. घर बांधायच्या अर्जावर मत देतात, निर्णय वरचे घेतात. बाकं, खेळाचं मैदान, बसथांबा, काही ठिकाणी रस्त्यावरचे दिवे, हे त्यांचं. आम्ही गावाकडे म्हणतो तसं, गाव छोटं आणि सरपंच त्याहून छोटा.

पण एक कलम मला फार कामाचं वाटलं. १९९७च्या कायद्यानं पॅरिश काउन्सिलला गुन्हे रोखण्यासाठी खर्च करायची मुभा दिली: कॅमेरे बसवणं, पोलिसांच्या एखाद्या योजनेला पैसे देणं वगैरे. वाहनांचा वेग कमी करायच्या कामातही त्या वाटा उचलू शकतात. आणि १९९८च्या आणखी एका कायद्यानं त्यांच्यावर बंधन टाकलं, की कुठलंही काम करताना त्याचा गुन्हेगारीवर काय परिणाम होईल याचा विचार करायचाच. म्हणजे सुरक्षितता हा विषय तिथं मांडायला तुम्हाला पूर्ण वाव आहे.

गुरुवारी गेलो. व्हिलेज हॉल, गार पडलेला हीटर, सात सभासद, क्लार्कबाई, आणि प्रेक्षकांत आम्ही चौघं. फेसबुकवर साठ कॉमेंट आणि इथं चार माणसं!

सुरुवातीला गावकऱ्यांसाठी पंधरा मिनिटं होती, माणशी तीन मिनिटं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “तो फोटोतला माणूस मी आहे. मी मागच्या गल्लीत राहतो. पार्सल द्यायला गेलो होतो.” दोन सेकंद कुणी काही बोललं नाही. मग एक आजोबा म्हणाले, “घरांना नंबर द्या म्हणून मी १९९० पासून सांगतोय.” (इथं मी हसलो, आणि बराच हलका झालो.)

त्यानंतर पोलिसांचा अहवाल झाला. इथं पीसीएसओ नावाचं पद आहे, पोलीस दलातलंच, पण पूर्ण पोलिसाचे अधिकार नसलेलं. पोलीस पाटील आणि बीट हवालदार यांच्या मधलं काहीतरी समजा. त्या बाईंनी वाचलं: दोन शेड फोडल्या, एक सायकल गेली. आणि मग म्हणाल्या, टॉर्चवाल्या माणसाबद्दल १०१ या नंबरवर एकही फोन आला नाही.

साठ कॉमेंट, शून्य फोन. इथं १०१ म्हणजे तातडी नसलेल्या तक्रारीचा नंबर, ९९९ म्हणजे आत्ता या. नाव न सांगता माहिती द्यायची तर क्राइमस्टॉपर्स आहे. यातलं काहीच वापरलं गेलं नव्हतं. म्हणजे मी खरंच चोर असतो, तरी पोलिसांच्या नोंदीत मी नसतोच! आणि चोर नव्हतो, तर ‘चौकशी केली, काही नाही’ असं सांगणारंही कुणी नव्हतं. ग्रुपवर तक्रार उघडते, पण बंद कधीच होत नाही. आमच्या कामात अशा तिकिटांचा ढीग साचला तर मॅनेजर झोपू देत नाही.

मी लगेच म्हणालो, मग ठराव करा, असे फोटो टाकू नयेत. क्लार्कबाई शांतपणे म्हणाल्या, “आज नाही करता येणार.” कारण विषय अजेंड्यावर नव्हता. अजेंडा सभेच्या आधी तीन पूर्ण दिवस लावावा लागतो, आणि त्यात काढल्याचा दिवस, सभेचा दिवस, रविवार धरत नाहीत. जे अजेंड्यावर नाही त्यावर निर्णय घेता येत नाही. त्या क्षणी मला हे लाल फितीसारखं वाटलं. पण घरी येताना विचार केला, हाच नियम नसता तर त्या फोटोच्या दुसऱ्या दिवशी चार तापलेल्या लोकांनी माझ्याविरुद्धही काहीतरी पास करून टाकलं असतं. तीन दिवसांचा हा डिले मला आता फीचर वाटतो.

मग मी क्लार्कना ईमेल केला. दोन मुद्दे. पहिला फोटोंचा. ग्रुप खासगी, त्यामुळे काउन्सिल ॲडमिनला हुकूम देऊ शकत नाही. पुढच्या सभेत एवढंच ठरलं, की गावच्या पत्रकात एक चौकट छापायची: शंका आली तर आधी कुठला नंबर फिरवायचा, आणि डोअरबेल कॅमेरा आपल्या हद्दीबाहेरचं टिपत असेल तर डेटा संरक्षणाचा कायदा घरमालकालाही लागू होतो. हे दुसरं बऱ्याच लोकांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

एक जाता जाता, खास डेव्हलपर श्रोत्यांसाठी. इंग्लंडमधल्या पोलिसांचा गुन्ह्यांचा डेटा खुला आहे, एपीआयसकट, आणि लॉगिनही लागत नाही. मी उत्साहानं आमच्या गावाचा नकाशा बनवला आणि सभेत दाखवणार होतो. नशीब, आधी माहितीपत्रक वाचलं. नकाशावरचा ठिपका म्हणजे नेमकी जागा नसते, ओळख लपवायला तो जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवलेला असतो. एखाद्या बिचाऱ्याच्या दारात ठिपका दाखवून मी नवीन फोटोप्रकरण सुरू केलं असतं.

दुसरा मुद्दा रस्त्याचा, आणि मला विचाराल तर गावातला खरा धोका तोच. बसथांब्याकडे जाताना दोनशे मीटर फुटपाथ नाही. मर्यादा ताशी ३० मैल, गाड्या जातात त्यांच्या मनाला येईल तशा. यावर फेसबुकवर एक पोस्ट नव्हती, कारण भरधाव जाणारी गाडी बहुधा ओळखीचीच असते. काउन्सिलनं दोन गोष्टी केल्या: काउंटीला पत्र लिहिलं, आणि कम्युनिटी स्पीडवॉचसाठी नावं मागितली. स्पीडवॉच म्हणजे गावचेच स्वयंसेवक, पोलिसांकडून प्रशिक्षण घेऊन, ठरलेल्या जागी चमकणारं जॅकेट घालून वेग मोजतात आणि गाडीचा नंबर टिपतात. दंड होत नाही, पोलिसांचं पत्र जातं. मी नाव दिलं. म्हणजे आता मी दर पंधरा दिवसांनी त्याच रस्त्यावर उभा राहून लोकांच्या गाड्यांकडे टक लावून बघतो, आणि लोक हात करून जातात. तोच चेहरा, जॅकेट तेवढं पिवळं.

ती पोस्ट डिलीट झाली. माफी कुणी मागितली नाही.

गावाकडच्या श्रोत्यांनो, तुमच्याकडे याहून जोरदार हत्यार आहे, ग्रामसभा. इथं निर्णय सभासद घेतात, गावकऱ्याला तीन मिनिटं बोलू देतात. आपल्याकडे प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्यच असतो. वर्षाला किमान चार सभा, गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, जे कमी असेल ते. वाडीवरचा बंद पडलेला दिवा, शाळेसमोरचा गतिरोधक, गावात आलेल्या फिरस्त्यांची नोंद कुणी आणि कशी ठेवायची, हे सगळं सभेच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. नुसतं ग्रुपवर ‘ग्रामपंचायत झोपली आहे का’ टाकलं की त्यावर अंगठे येतात, इतिवृत्तात काही येत नाही.

हे सगळं मी आमच्या आण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: “तिथला ग्रामसेवक सभेला येतो का रे वेळेवर?”

म्हटलं, “आण्णा, दहा मिनिटं आधी येतात. खुर्च्या पण त्याच लावतात.”

“मग तू त्यांना इकडं पाठव,” म्हणाले, “आणि आमचा तिकडं घेऊन जा.”